अधिकृत आणि आप्त : उंची घड्याळांच्या खरेदीविक्रीतील प्रामाण्याचा प्रश्न

१

व्यापाराच्या भाषेत काही शब्द इतके रुळलेले असतात की, त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. ‘अधिकृत विक्रेता’ हा असाच एक शब्दप्रयोग होय. त्याच्या समोर ‘जुना बाजार’, ‘सेकंडहँड’, ‘वापरलेला माल’ हे शब्द उभे असतात. पहिला शब्द कानी पडताच निश्चिंतता वाटते, दुसऱ्या गटातील शब्दांनी संशय जागा होतो. शब्दांच्या या जोडीने रूढ केलेला समज कितपत साधार आहे, हे स्वित्झर्लंडमध्ये तयार होणाऱ्या उंची मनगटी घड्याळांच्या व्यापारावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घड्याळांचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. टोकियो येथे २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि त्यानंतरच्या काळात अचूक वेळ ही स्वस्त वस्तू होत गेली. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर-परीक्षण संस्थेच्या कसोटीस उतरणाऱ्या कमानीच्या घड्याळाला दिवसाकाठी सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांपर्यंतची चूक माफ असते. साधे क्वार्ट्झ घड्याळ सबंध महिन्यात सुमारे १५ सेकंदांनी चुकते. असे असूनही कमानीच्या उंची घड्याळाला त्याच्या कित्येक पट किंमत पडते. ही किंमत अर्थातच अचूक वेळेची नव्हे. घड्याळ कोणी घडवले, कोठे, केव्हा आणि कोणत्या कसबाने घडवले, यांची ती किंमत आहे.

या सर्व गोष्टी भूतकाळात घडून गेलेल्या असतात. ग्राहकाच्या डोळ्यांपुढे वस्तू असते, तिची उत्पत्ती नसते. उत्पत्ती त्याला कोणीतरी सांगावी लागते. त्यामुळे या व्यवहारात दोन गोष्टी विकल्या जातात : एक घड्याळ आणि दुसरे त्या घड्याळाविषयीचे विधान. विधान खोटे निघाले तरी घड्याळ टिकटिकत राहते, पण ग्राहकाचे पैसे बुडालेले असतात, आणि ही रक्कम पुष्कळांच्या बाबतीत काही वर्षांच्या शिलकीएवढी असते. म्हणून नवे घ्यावे की जुने, या प्रश्नाच्या मुळाशी एक वेगळा प्रश्न आहे : या वस्तूविषयी कोणाचे वचन प्रमाण मानावे? हा प्रश्न अर्थशास्त्राचा व कायद्याचा आहे, तसाच तो भाषाविचाराचाही आहे.

२

प्रथम ‘अधिकृत’ हा शब्द घेऊ. ‘अधि’ या उपसर्गासह ‘कृ’ धातूपासून झालेले हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. कर्मणि रचनेचा एक विशेष असा की, तीत कर्ता गाळता येतो आणि गाळल्याचे सहसा लक्षातही येत नाही. ‘अधिकृत’ म्हणजे अधिकार दिलेला. पण कोणी दिलेला? मराठीत हा शब्द राज्यकारभाराच्या भाषेतून सर्वसामान्य वापरात स्थिरावला. ‘अधिकृत राजपत्र’, ‘अधिकृत घोषणा’ यांतील अध्याहृत कर्ता शासन हा असतो, आणि ‘अनधिकृत बांधकाम’ म्हणताच महानगरपालिकेची नोटीस डोळ्यांसमोर येते. शासनसंमतीची ही छटा आपण घड्याळाच्या दुकानापर्यंत नकळत घेऊन जातो. परिणामी जो अधिकृत विक्रेता नाही तो जणू बेकायदा धंदा करतो, असा भास होतो. वस्तुतः येथील अध्याहृत कर्ता शासन नसून कारखानदार आहे. जुन्या घड्याळांचा व्यापार करणारा माणूस कोणताही नियम मोडत नाही. एका विशिष्ट कंपनीशी त्याचा करार नाही, एवढाच ‘अधिकृत नसणे’ या शब्दांचा अर्थ.

यावरून दुसरी गोष्ट स्पष्ट होते. ‘अधिकृत’ हे विशेषण विक्रेत्याला लागते, घड्याळाला लागत नाही. ते कारखानदार आणि विक्रेता या दोघांमधील संबंध सांगते. दुकानाची मांडणी कशी असावी, माल कोणत्या किमतीच्या पातळीवर विकावा, तो घाऊक रीतीने दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नये, अशा बाबी त्या संबंधात येतात. ग्राहक या कराराचा पक्षकार नसतो. तो तिऱ्हाईत असतो.

तरीही ग्राहकाला या संबंधापासून खरा लाभ होतो, हे मान्य केले पाहिजे. वस्तू कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती येईपर्यंतची साखळी येथे अतिशय आखूड असते. तीत बनावट वस्तू शिरण्यास किंवा सुटे भाग बदलले जाण्यास फारसा वाव नसतो. शिवाय कारखानदाराची हमी मिळते. रोलेक्स कंपनीने जुलै २०१५ पासून विकलेल्या नव्या घड्याळांना पाच वर्षांची हमी दिली आहे.

हमीपत्राचे भाषिक स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्या उच्चारणे म्हणजेच एक कृती करणे असते. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे ही त्यांची उदाहरणे. अशी उक्ती खरी किंवा खोटी नसते. ती सफल होते किंवा निष्फळ ठरते, आणि तिच्या सफलतेसाठी योग्य व्यक्तीने योग्य प्रसंगी ती उच्चारावी लागते. ‘आम्ही हमी देतो’ ही अशीच उक्ती होय. अधिकृत विक्रेता विक्रीच्या दिवशी हमीपत्रावर तारीख नोंदवतो, तेव्हा तो ही कृती पुरी करतो. तेच घड्याळ, त्याच कारखान्यातील, एखाद्या बाहेरच्या व्यापाऱ्याने दिले तर घड्याळात अणुमात्र फरक पडत नाही. मात्र हमीची उक्ती करण्याचा अधिकार त्या व्यापाऱ्याला नसतो.

३

वस्तू आणि विक्रीचा मार्ग यांतील हा भेद अमेरिकेतील एका गाजलेल्या खटल्यात अगदी स्वच्छपणे समोर आला. ओमेगा कंपनीने आपली ‘सीमास्टर’ घड्याळे अमेरिकेबाहेरील अधिकृत वितरकांना विकली होती. तेथून ती मधल्या व्यापाऱ्यांच्या हातून अमेरिकेत आली, आणि कॉस्टको या भांडारसंस्थेने कॅलिफोर्नियात ती १,२९९ डॉलरांना विकण्यास आरंभ केला. त्या घड्याळाची कंपनीने सुचवलेली किंमत १,९९५ डॉलर होती. अशा मालाला व्यापाराच्या बोलीत ‘ग्रे मार्केट’चा माल म्हणतात. तो बनावट नसतो, चोरीचा नसतो आणि बहुधा जुनाही नसतो. कारखानदाराने आखून दिलेल्या वाटेने तो आलेला नसतो, एवढेच.

घड्याळे अस्सल आहेत याविषयी दुमत नव्हते. म्हणून कंपनीने आधार घेतला तो घड्याळाच्या पाठीवर कोरलेल्या पृथ्वीगोलाच्या लहानशा चित्राचा. या चित्राच्या लेखाधिकाराची नोंद तिने २००३ मध्ये अमेरिकेत केली होती. आमच्या चित्राच्या प्रती आमच्या संमतीवाचून देशात आणल्या, असा तिचा दावा होता. २००८ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीशांची मते ४ विरुद्ध ४ अशी समसमान पडल्यामुळे तोच निर्णय राहिला. पुढे २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांच्या आयातीसंबंधीच्या किर्तसेंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, परदेशात कायदेशीर रीतीने तयार होऊन विकल्या गेलेल्या प्रतीवरील वितरणाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो. त्याला अनुसरून जानेवारी २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कॉस्टकोच्या बाजूने निकाल दिला.

या खटल्याचे तात्पर्य ग्राहकाच्या दृष्टीने असे की, ‘अधिकृत’ या शब्दाचे रक्षण करताना कारखानदार मुख्यतः आपल्या किमतीचे आणि आपल्या वाटेचे रक्षण करीत असतो. ग्राहकाचे रक्षण त्यातून पुष्कळदा होते, पण ते आनुषंगिक असते.

किमतीच्या बाबतीत तर हा शब्द कधी कधी उलटाच अर्थ धारण करतो. बहुसंख्य उंची घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पाऊल टाकताच उतरते, आणि तीच घड्याळे जुन्या बाजारात बऱ्याच कमी किमतीला मिळतात. पण मोजक्या घड्याळांच्या बाबतीत अधिकृत दुकानात केवळ प्रतीक्षायादी असते आणि वस्तू मिळते ती बाहेर, छापील किमतीहून चढ्या दराने. पाटेक फिलिप कंपनीच्या ‘नॉटिलस’ घड्याळाची टिफनी या पेढीसाठी काढलेली निळ्या तबकडीची १७० नगांची आवृत्ती हे याचे टोकाचे उदाहरण. तिची दुकानातील किंमत ५२,६३५ डॉलर होती, पण डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिच्यातील पहिल्या नगाला सुमारे ६५ लाख डॉलर आले. तो लिलाव धर्मादाय कार्यासाठी होता, हे ध्यानात घेऊनही फरक डोळ्यांत भरणारा आहे. अशा स्थितीत अधिकृत विक्रेता हा माल विकणारा न राहता माल कोणास द्यावयाचा हे ठरवणारा होतो.

४

आता जुन्या बाजाराकडे वळू. येथील मूळ अडचण जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या निबंधात मांडली. याच कार्यासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक त्याला इतर दोघांसमवेत मिळाले. त्याचे प्रमुख उदाहरण वापरलेल्या मोटारींचे आहे. मोटारीचे गुणदोष विकणाऱ्यास माहीत असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरसकट मध्यम किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो आणि वाईट तेवढा उरतो. याच निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. तांदळाच्याच रंगाआकाराचे खडे व्यापारी मुद्दाम मिसळतो आणि तिला ते निवडून काढावे लागतात, असे अकेरलॉफ सांगतो. आपल्याकडील वाचकाला हे उदाहरण समजावून सांगावे लागू नये. जुने घड्याळ घेणारा ग्राहक असेच निवडण्याचे काम करीत असतो. फरक इतकाच की, त्याच्यापुढे सूपभर दाणे नसून एकच दाणा असतो.

निवडण्याची साधने कोणती? आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन येथे उपयोगी पडतात. नव्या घड्याळाचा ग्राहक जवळजवळ सर्वस्वी शब्दावर विसंबतो. जुन्याच्या ग्राहकाला तिन्हींचा आधार घ्यावा लागतो.

प्रत्यक्षाची मर्यादा फार लवकर येते. पाठ उघडून घड्याळजीने भिंगाखाली यंत्रणा पाहिली, तिची गती यंत्रावर मोजली, कवचावरील क्रमांक वाचला, पुन्हा पुन्हा पॉलिश केल्याने कवचाच्या कडा झिजल्या आहेत की काय हे तपासले, तर आजची स्थिती कळते. घड्याळाचा इतिहास कळण्यासाठी अनुमान लागते.

अनुमानाचे एक चांगले उदाहरण तबकडीवरील चमकणाऱ्या ठिपक्यांचे आहे. अंधारात वेळ दिसावी म्हणून पूर्वी या ठिपक्यांत रेडियम असे. १९६० च्या दशकापासून त्याची जागा ट्रिशियमने घेतली, आणि रोमन लिपीतील ‘टी’ हे त्याचे निदर्शक अक्षर तबकडीच्या तळाशी छापले जाऊ लागले. ट्रिशियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असते. म्हणजे ५० वर्षांत त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो, आणि ज्या रसायनामुळे चमक उमटते तेही दरम्यान निकामी होत जाते. आता एखादा विक्रेता १९७५ सालचे घड्याळ ‘मूळ तबकडीसह’ म्हणून पुढे करीत असेल आणि रात्री त्याचे ठिपके लख्ख चमकत असतील, तर एक तर तबकडी नंतरची आहे किंवा ठिपके नव्याने भरले आहेत, असे अनुमान निघते. येथे हेतू आणि साध्य यांचा संबंध पदार्थविज्ञानाच्या नियमाने बांधलेला आहे, म्हणून ते अनुमान बळकट आहे.

याउलट ‘पेटी आहे, कागद आहेत, अर्थी घड्याळ अस्सल आहे’ हे बाजारात नित्य ऐकू येणारे अनुमान हेत्वाभासाचा नमुना होय. पेट्या स्वतंत्रपणे विकत मिळतात आणि एका घड्याळाचे कागद दुसऱ्यासोबत जोडता येतात. हमीपत्रावरील क्रमांक व कवचावरील क्रमांक जुळला तरी सिद्ध होते ते कवचाविषयी. तबकडी, काटे आणि यंत्रणा यांविषयी ते मौन पाळते. अनेक घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून बनवलेल्या घड्याळाला संग्राहकांनी फ्रँकेनस्टाइनच्या कथेवरून ‘फ्रँकनवॉच’ असे नाव दिले आहे. त्यातील प्रत्येक भाग अस्सल असू शकतो, आणि तरीही पूर्ण घड्याळाविषयीचे विधान असत्य असते. शब्द खरे आणि वाक्य खोटे, अशी ही स्थिती आहे.

या संदर्भात आपल्या मुंबईचे नावही, फारसे अभिमानास्पद नसलेल्या अर्थाने, जगभर पोचले आहे. तबकडी नव्याने रंगवून परदेशी विकल्या जाणाऱ्या जुन्या स्विस आणि एच.एम.टी. घड्याळांना तिकडील संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. येथे एक विवेक केला पाहिजे. फिकट झालेली तबकडी रंगवून घेणे हा वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुरुस्तीचाच भाग आहे, आणि ज्याला केवळ वेळ पाहावयाची आहे त्याची त्यात फसवणूक होत नाही. फसवणूक सुरू होते ती ‘मूळ तबकडी’ हे दोन शब्द उच्चारले जातात तेव्हा. दोष रंगात नसून विधानात असतो.

५

उरले तिसरे प्रमाण, शब्द. त्याचे सामर्थ्य आणि त्याची नाजूकता दोन लिलावांवरून कळून येते.

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावगृहाने अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स ‘डेटोना’ घड्याळ विकले. त्याला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर किंमत आली. न्यूमनला मोटारशर्यतींचा नाद होता. घड्याळाच्या पाठीवर त्याची पत्नी जोअ‍ॅन वुडवर्ड हिने तीन शब्द कोरवून घेतले होते. त्यांचा आशय असा की, गाडी जपून चालव, आणि खाली सहीच्या जागी ‘मी’. भाषेच्या अभ्यासकाने या ‘मी’कडे लक्ष द्यावे. सर्वनामाला स्वतःचा ठराविक वाच्यार्थ नसतो. बोलणारा कोण हे कळल्यावरच ‘मी’चा निर्देश निश्चित होतो. तेच तीन शब्द कोणताही कारागीर कोणत्याही घड्याळावर तासाभरात कोरू शकेल. घड्याळाला ही किंमत आली ती ‘मी’ म्हणजे कोण हे सांगणारी साक्षीची परंपरा, म्हणजे ते कोणी कोणास दिले, पुढे कोणाच्या हाती गेले याचा अखंड वृत्तान्त, घड्याळाबरोबर टिकून होती म्हणून. त्या परंपरेत अधिकृत विक्रेत्याचा वाटा केवळ पहिल्या दिवसापुरता होता. बाकी सर्व प्रामाण्य जुन्या बाजाराने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण विरुद्ध दिशेचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात ओमेगा ‘स्पीडमास्टर’ या १९५७ सालच्या म्हणून दाखवलेल्या घड्याळाला ३१ लाख १५ हजार ५०० स्विस फ्रँक किंमत आली. ते विकत घेतले खुद्द ओमेगा कंपनीने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेले होते आणि या प्रकारात तिच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्या घराने घड्याळे घडवली, ज्याच्याजवळ दप्तर आहे, ज्याचे वचन या बाबतीत अंतिम मानले जाते, तेच घर आपल्या घड्याळाविषयी फसले.

या घटनेचा अर्थ लावण्यास न्यायदर्शनातील एक जुना भेद उपयोगी पडतो. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण सर्व शब्दांना नव्हे. आप्ताचाच शब्द प्रमाण असतो. आप्त कोण, याचे भाष्यकार वात्स्यायनाने जे विवरण केले आहे त्याचा आशय असा : ज्याने वस्तू यथार्थपणे जाणली आहे आणि ती जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो सांगतो. म्हणजे आप्तता पदाने किंवा नेमणुकीने येत नाही. ज्ञान आणि सत्यकथनाची इच्छा या दोन गुणांनी ती येते.

हा निकष लावला म्हणजे अधिकृत असणे आणि आप्त असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे दिसून येते. नवे घड्याळ विकणाऱ्या अधिकृत विक्रेत्याच्या ठिकाणी त्या बहुधा एकत्र नांदतात, कारण साखळी आखूड असते आणि खोटे बोलण्यात त्याचा लाभ नसतो. पण घड्याळ जसजसे जुने होते, तसतसे अधिकारपदाकडून ज्ञानाकडे प्रामाण्य सरकत जाते. कंपनीच्या दप्तरातून मिळणारा उतारासुद्धा मर्यादितच बोलतो. पाटेक फिलिप कंपनीच्या उताऱ्यात घड्याळ केव्हा तयार झाले व केव्हा विकले गेले याची नोंद मिळते. त्यानंतर त्याच्यावर काय काय गुदरले हे दप्तराला ठाऊक नसते.

६

आप्त ओळखणे हे सोपे काम नव्हे. सुदैवाने विक्रेत्याचे अंतःकरण जाणता आले नाही, तरी त्याला त्याच्या शब्दांनी बांधून घेता येते. येथे कायदा मदतीला येतो. आपल्या मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये ग्राहकाने आपली काळजी आपण घ्यावी हे तत्त्व सोळाव्या कलमात आहे खरे, पण त्याच्या आधीचे पंधरावे कलम असे की, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीची गर्भित शर्त होय. बारावे कलम शर्त आणि हमी यांत भेद करते. हमी मोडली तर नुकसानभरपाई मिळते, शर्त मोडली तर करारच नाकारता येतो. दुकानात ‘गॅरंटी’, ‘वॉरंटी’, ‘खात्री’ हे शब्द एकाच अर्थाने फेकले जातात. कायद्याच्या भाषेत त्यांचे वजन सारखे नाही. म्हणून ‘उत्तम स्थितीतील घड्याळ’ एवढेच लिहिलेली पावती आणि ‘अमुक क्रमांकाचे, अमुक साली तयार झालेले, मूळ तबकडीचे, अमुक भाग बदललेले’ असे लिहिलेली पावती यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिलीत स्तुती आहे, दुसरीत वर्णन आहे. बँकांच्या लिलावसूचनांत ‘जसे आहे जेथे आहे’ असे शब्द येतात, ते वर्णनाचे हे उत्तरदायित्व टाळण्यासाठीच. खाजगी विक्रेत्याच्या तोंडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकू आला तर ग्राहकाने सावध व्हावे.

चोरीच्या मालाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे घड्याळ अस्सल असूनही ग्राहकाच्या हातून जाऊ शकते. ज्याला मालकी नाही त्याच्याकडून घेणाऱ्यासही, काही अपवाद सोडता, मालकी मिळत नाही, असे याच अधिनियमाचे सत्ताविसावे कलम सांगते. स्मृतिकारांनी ‘अस्वामिविक्रय’ हे अठरा व्यवहारपदांपैकी एक मानले होते. उघड बाजारात चारचौघांसमक्ष केलेली खरेदी आणि एकांतात केलेली खरेदी यांत ते भेद करीत, आणि विक्रेत्याला हजर करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकीत. पुढे ज्याला हजर करता येईल अशाच विक्रेत्याकडून घ्यावे, हा त्यातला बोध आजही जुना झालेला नाही.

दुरुस्तीच्या बाबतीतही न्यायालयांचा कल वर्णनाच्या प्रामाणिकपणाकडे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये मोटारीच्या जुन्या स्पार्कप्लगांविषयी असे ठरवले की, दुरुस्त केलेला माल मूळ नावाने विकता येतो, मात्र तो वापरलेला किंवा दुरुस्त केलेला आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये रोलेक्सने लढवलेल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने या मुभेची सीमा आखली. परके भाग घालून घड्याळ इतके बदलले की ते वेगळीच वस्तू झाले, तर मूळ नाव त्यावर राहू देणे हीच दिशाभूल ठरते, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

७

गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजारांमधील सीमारेषाच हलू लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने आपल्या विक्रेत्यांमार्फत जुनी घड्याळे कंपनीच्या प्रमाणपत्रासह विकण्याची योजना सुरू केली. आरंभी किमान तीन वर्षे जुनी घड्याळे या योजनेत घेण्यात आली आणि त्यांना दोन वर्षांची नवी हमी देण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये १८८८ पासूनची बुखेरर ही ल्युसर्नची विक्रेती पेढीच विकत घेण्याचे रोलेक्सने जाहीर केले. इंग्रजी व्यापारी भाषेत अशा मालाला ‘वापरलेला’ न म्हणता ‘प्री-ओन्ड’, म्हणजे पूर्वी कोणाच्या तरी मालकीचा, असे म्हणतात. वापराचा उल्लेख गाळून स्वामित्वाचा ठेवण्यातील चातुर्य उघड आहे.

भित्र्या ग्राहकाला या योजनेने दिलासा मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची दुसरी बाजू आहे. स्वतंत्र घड्याळजींना सुटे भाग न पुरवण्याचे धोरण काही स्विस कंपन्यांनी अवलंबिले आहे. त्याविरुद्ध स्वतंत्र दुरुस्तकारांच्या युरोपीय महासंघाने आणलेला दावा युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने २०१७ मध्ये फेटाळला. घड्याळ घडवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा आणि जुन्याला प्रमाणपत्र देणारा जर एकच असेल, तर त्याचे विधान पडताळून पाहणारा तिऱ्हाईत कोठून आणावयाचा? स्पीडमास्टरचे प्रकरण घडते ते अशाच ठिकाणी, जेथे साक्षीदार आणि न्यायाधीश एका घरातले असतात. गल्लीतला घड्याळजी, जो भिंग डोळ्याला लावून ‘काटे नंतरचे आहेत’ असे कोणाची भीड न धरता सांगतो, तो त्याच्या विद्येपुरता आप्त असतो. त्याची विद्या सुट्या भागांवाचून आणि गिऱ्हाइकांवाचून टिकणारी नाही.

तेव्हा ग्राहकाने मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे. ज्याला घड्याळाचे ज्ञान नाही आणि ते मिळवण्याची हौसही नाही, त्याने अधिकृत विक्रेत्याकडे जावे आणि जादा पडणारी रक्कम आखूड साखळीची किंमत समजून द्यावी. ज्याला जुने घड्याळ हवे आहे त्याने आधी विक्रेता पारखावा, घड्याळ मागून पाहावे. त्याचा शब्द पावतीवर उतरवून घ्यावा, आणि ज्याचा त्या विक्रीत काडीचाही लाभ नाही अशा घड्याळजीकडून पाठ उघडून घ्यावी. विक्रेता तीस हरकत घेत असेल, तर त्या हरकतीतूनच अनुमान काढून खरेदी तेथेच थांबवावी.